पेंडीचा वास

मे महिना अर्धा सरला तरी खताचे गोळे जसेच्या तसे आहेत, हे चिझुरुच्या लक्षात आलं ते पाणी घालताना. झारीची धार एका गोळ्यावर पडली आणि दगडावरून उडावी तशी उडाली. तिने झारी खाली ठेवली, कुंडीपाशी उकिडवी बसली आणि गोळा बोटाने दाबून पाहिला. टणक. एप्रिलच्या सुरुवातीला तिनेच तो मातीवर ठेवून वरून काडी टोचली होती. त्यानंतर पाऊस झाला, ऊन पडलं, पुन्हा पाऊस झाला. एव्हाना त्याचा लगदा व्हायला हवा होता. अंगावर पांढरी बुरशी धरायला हवी होती. पाणी घातलं की चहासारखा काळपट रस मातीत उतरायला हवा होता. हा मात्र मिठाईच्या दुकानातल्या लाडवासारखा नीटनेटका बसून होता.

तिने शेजारची कुंडी पाहिली. मग तिच्या पलीकडची. ओळीच्या टोकापर्यंत गेली. सगळे लाडू जागच्या जागी.

जपानमधल्या ताकामात्सु शहराच्या कडेला किनाशी नावाचं गाव आहे. तिथे इतर गावांत कोबी-मुळा लावतात तसे काळे पाइन ओळीने लावतात, आणि त्यातलेच निवडून बोन्साय म्हणून कुंडीत आणतात. मानाबेंची बाग या गावातली, ना मोठी ना लहान. चिझुरुचे सासरे इसोकिची मानाबे यांचं सगळं आयुष्य त्या कुंड्यांमधून वाकून चालण्यात गेलेलं, त्यामुळे ते रस्त्यानेही तसेच चालायचे. त्यांच्या मुलाला, नोरिहिरोला, झाडांची गोडी कधी लागलीच नाही. तो शोदोशिमा बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन बेसबॉल बघायचा. बाग राहिली सासऱ्याकडे आणि सुनेकडे. चिझुरु लग्न होऊन समुद्रापलीकडच्या ओकायामाहून आली तेव्हा तिला पाइनची कुठली सुई नवी आणि कुठली जुनी हेही कळत नव्हतं. आता ती फांद्यांना तार बांधायची, मुळं छाटून कुंडी बदलायची, गिऱ्हाइकांशी बोलायची.

एकच गोष्ट तिच्याकडे आली नव्हती: मागच्या शेडमधली खताची पिंपं. मोहरीची पेंड, भाताचा कोंडा, हाडांचा चुरा आणि मासळी कालवून इसोकिची दर हिवाळ्यात ते आंबवायचे. झाकण उघडायचे, आत नाक घालायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. एके दिवशी "झालं" म्हणायचे. मग दोघं मिळून गोळे वळायचे. पिंपाजवळ जायची चिझुरुला कधी हौसही वाटली नव्हती. त्या दिवसांत ती शेडला वळसा घालून जायची.

आत्ता मात्र तिने एक गोळा काडीसकट उपटला आणि नाकाशी धरला.

वास आला, पण भलताच. आंबूस, थोडा झणझणीत. स्वयंपाकघरात कुठेतरी हा वास असतो, पण कुठे ते आठवेना.

"काय गं चिझु, खतच खायला निघालीस का?"

कुंपणापलीकडून मितानी काकूंचं डोकं वर आलं होतं. तोयोको मितानी इसोकिचींपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. त्यांचं घर शेडच्या अगदी पाठीला. वारा समुद्राकडून आला की शेडमधला वास थेट त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. त्यामुळे दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल दोन्ही घरांत बोलाचाली व्हायची, आणि एप्रिलनंतर पुन्हा संत्र्यांची देवाणघेवाण सुरू व्हायची.

"नाही हो काकू, बघत होते नुसतं."

"बघ बघ. पण खरं सांगू, यंदा मी तुमच्यावर खूश आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या चादरींना चादरींचा वास आला. शेवटी इसोला माणसात यावंसं वाटलं म्हणायचं. विकतचं खत आणलंत ना?"

"नाही," चिझुरु म्हणाली. "घरचंच आहे."

"मग घरचं असंच करत जा बाई." काकू चिमटे तोंडात धरून चादरींकडे वळल्या.

चिझुरु गोळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. वास आला नव्हता. खरंच की. यंदा आपणही शेडला वळसा घालून गेलो नव्हतो, गोळे वळताना नाकाला फडकंही बांधलं नव्हतं. खत आंबलं असतं तर मितानी काकू गप्प बसल्या नसत्या, आणि काकू गप्प बसल्या होत्या त्या अर्थी...

इसोकिची पुढच्या अंगणात एका जुन्या पाइनसमोर स्टुलावर बसले होते. हे झाड त्यांचं नव्हतं. गावातले दातांचे डॉक्टर सोगो यांच्या आजोबांनी वाढवलेलं, आता वर्षभर मानाबेंकडेच सांभाळायला असायचं. नोव्हेंबरमधल्या गावच्या प्रदर्शनात ते मांडायचं असं ठरलं होतं.

"बाबा, हा गोळा बघता?"

इसोकिचींनी गोळा घेतला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "उत्तम," ते म्हणाले. "यंदा छान जमलंय."

"आंबूस नाही वाटत?"

"पेंड आंबूसच असायची. गुलाबपाणी शिंपडलंय का त्यात?"

ते पुन्हा झाडाकडे वळले. चिझुरुने गोळा परत घेतला. या माणसाला पिंपाचं झाकण न उघडता, शेडच्या दारातूनच आतलं कळायचं. आणि आत्ता हा गोळा नाकाला लावून ते "उत्तम" म्हणाले होते.

दुपारी जेवताना उलगडा झाला. चिझुरुने ताजा टोफू कापून ठेवला होता आणि शिळा, कालचा बाहेर राहिलेला, टाकायचा म्हणून ओट्यावर बाजूला काढला होता. ती आमटी घेऊन वळली तर इसोकिची शिळ्याची वाटी समोर ओढून, वर आलं किसून, सोया सॉस घालून मजेत जेवत होते. अर्धा संपवला होता. त्याचा वास चिझुरुला चुलीपाशी येत होता.

"बाबा! अहो, तो खराब झालाय!"

त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आल्याने कळलं नाही," ते म्हणाले.

"बाबा," ती त्यांच्यासमोर बसली. "तुम्हाला वास येतो का?"

त्यांनी काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. बाहेर मितानी काकूंचा रेडिओ चालू होता.

"जानेवारीत ताप आला होता ना," शेवटी ते म्हणाले. "तेव्हापासून. आधी वाटलं, नाक चोंदलंय. मग नाक मोकळं झालं, पण वास काही आला नाही."

"म्हणजे खत कालवलं तेव्हाही..."

"हाताला बरोबर लागत होतं! ओल बरोबर, रंग बरोबर. म्हटलं इतकी वर्षं करतोय, नाकाशिवायही जमेल." त्यांनी वाटी दूर सारली. "कुणाला सांगायचं? पाइनवाल्या मानाबेचं नाक गेलं म्हणून गावभर झालं असतं. तोयोकोने तर भोंगाच लावला असता."

चिझुरुला त्यांची कीव यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण त्याहून जास्त तिला एक गोष्ट सतावत होती. नाक गेलं म्हणून खत बिघडल्याचं कळलं नाही, हे ठीक. पण बिघडलं कशाने? नाक नसलेल्या माणसाने केलं तरी पेंड ही पेंड. ओलं करून झाकून ठेवलं की ती आपली आपण आंबते, कुजते. तिला कुजायला कुणाच्या नाकाची गरज नसते.

"बाबा, यंदा काही वेगळं घातलंत का?"

"काही नाही. पेंड त्याच तेलगिरणीतली. कोंडा आपल्या भाताच्या गिरणीतला. हाडांचा चुरा गेल्या वर्षीच्याच पोत्यातला. मासळी कामेईच्या दुकानातली, नेहमीची."

कामेईंचं उदोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं, दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. उदोनचा रस्सा सुक्या बारीक मासळीचा. मासळी उकळून, रस्सा गाळून घेतला की खाली राहिलेला चोथा ते एका बादलीत साठवायचे आणि मानाबेंना द्यायचे. असं कित्येक वर्षं चाललं होतं.

चिझुरुने एप्रन सोडला. "मी जाऊन येते."

"कुठे?"

"उदोन खायला."

"इथे जेवण वाढलंय ना!"

पण ती सायकलवर बसली होती.

जेवणाची गर्दी ओसरली होती. मालकीणबाई सुमिए कामेई मोठं पातेलं घासत होत्या. "अरे, मानाबेंच्या सूनबाई! बसा. कसे आहेत सासरे? तापातून उठले ना? यंदा बादली न्यायला नोरिहिरो आला तेव्हाच मी विचारलं."

"बरे आहेत. काकू, एक विचारायचं होतं. ती मासळीची बादली बघू का?"

सुमिएबाईंनी हात पुसले. "बादली? बघण्यासारखं काय आहे तिच्यात?" पण त्या तिला मागच्या दाराशी घेऊन गेल्या. बादली तिथेच होती, झाकण लावलेली. चिझुरुने झाकण उघडलं आणि तिच्या तोंडून "अय्या!" निघालं. तोच वास. स्वयंपाकघरातला कुठला ते आता क्षणात कळलं.

"व्हिनेगर!"

"मग? घालतेच की," सुमिएबाई अभिमानाने म्हणाल्या. "गेल्या वर्षी उन्हाळ्यात मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी कुरकुर केली. माशा, वास. तेव्हापासून रोज दुकान बंद करताना वरून चांगलं व्हिनेगर ओतते. तुमच्याकडे न्यायलासुद्धा बरं. का, काही झालं का?"

चिझुरुला हसू आवरेना. तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. "काकू, खत आंबलंच नाही! आम्ही वर्षभराच्या खताचं लोणचं घातलंय!"

सुमिएबाईंना आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात दाबला. "अगंबाई! झाडं मेली का?"

"नाही नाही. झाडांना काही झालं नाही. नुसती उपाशी आहेत."

सुमिएबाईंनी वाकवाकून इतकी माफी मागितली की चिझुरुला लाजल्यासारखं झालं. निघताना त्यांनी बिनव्हिनेगरची ताजी मासळी पिशवीत बांधून दिली आणि वर दोन माणसांचा उदोनही.

इसोकिचींनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. थेट उठून ओळीतल्या कुंड्यांकडे गेले आणि कोंब पाहत फिरले. वसंतात पाइनच्या फांद्यांवर उभे कोंब येतात, बागवाले त्यांना मेणबत्त्या म्हणतात. या वर्षीच्या मेणबत्त्या चांगल्या हातभर नसल्या तरी बोटभर होत्या, दर वर्षीसारख्याच.

"पण वाढ तर झालीय," चिझुरु त्यांच्या मागून म्हणाली. "मला तेच कळत नाही. उपाशी असती तर मेणबत्त्या आल्या कशा?"

"ही वाढ आत्ताच्या जेवणाची नाही," इसोकिची म्हणाले. "ही गेल्या शरदात खाल्लेल्याची. झाड साठवून ठेवतं. आत्ता आपण घालतो ते जूनमध्ये ह्या मेणबत्त्या कापल्या की पुन्हा फुटायला. ती दुसरी फूट आखूड येते, म्हणून सुया बारीक राहतात. पण कापायचं तर झाडाच्या अंगात ताकद हवी." ते सोगो डॉक्टरांच्या झाडासमोर थांबले. "आणि आत्ता ती तेवढी नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात झाली. पिंपं धुतली. पेंड, कोंडा, चुरा, ताजी मासळी, आणि कोमट पाणी. इसोकिची प्रमाण सांगत होते, चिझुरु कालवत होती. पिंप भरल्यावर खरी अडचण पुढे आली.

"आता ह्याचा वास बदलत जाईल," इसोकिची म्हणाले. "एक वळण येतं. तिथे पोचलं की झालं. त्याआधी गोळे केले तर मुळं जळतात."

"कसं वळण?"

"असं... नाक जरा आत ओढतं."

"म्हणजे कसला वास येतो?"

इसोकिचींनी तोंड उघडलं, मिटलं. कपाळावर आठ्या घातल्या. "कसला म्हणजे... झाल्याचा."

"बाबा!"

"अगं, मला तो कधी कुणाला सांगावाच लागला नाही! मला यायचा, मी झालं म्हणायचो!"

चार दिवस हेच चाललं. चिझुरु पिंपात नाक घालायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दोघांचा तासभर वाद.

"ओल्या घोंगडीसारखा."

"घोंगडी लोकरीची की सुती?"

"असं कसं सांगू? ओली!"

"मग अजून नाही. किंवा झालंही असेल. सुती असेल तर..." इसोकिची वैतागून शेडबाहेर जायचे.

नोरिहिरोने रात्रीच्या जेवणाला दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या दोघांच्या अंगाला जो वास येतोय ना, तो मी सांगू शकतो." त्यावर कुणी हसलं नाही.

पाचव्या दिवशी वारा समुद्राकडून आला आणि कुंपणावर मितानी काकू प्रकटल्या.

"इसो! मला वाटलंच, तुझं चांगलं वागणं टिकायचं नाही. आणि आता मे महिन्यात! ऐन कपडे वाळायच्या दिवसांत! हा आता कुत्र्याच्या वासावर आलाय, म्हणजे अजून तीन वास बाकी. मला माहेरी जायला हवं, पण माहेरी कुणी उरलेलं नाही!"

इसोकिची तोंड फिरवून उभे राहिले. चिझुरु मात्र हातातली काठी तशीच धरून कुंपणाकडे गेली.

"काकू, काय म्हणालात? अजून तीन?"

"तीन नाहीतर काय. एवढी वर्षं पाठीमागच्या खोलीत झोपते मी. आधी पावासारखा. तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू. मग भिजलेल्या कुत्र्यासारखा. त्यानंतर संडासासारखा, तेव्हा मी खिडक्यांना चिकटपट्टी लावते. मग एक दिवस कुजक्या अंड्यांचा, पण तो टिकत नाही. आणि मग एके सकाळी सगळं खाली बसतं. सोया सॉसच्या जुन्या पिंपासारखा येतो, मागे ओल्या मातीचा. तो आला की मी चादरी धुवायला काढते, कारण त्यानंतर ह्याचं गोळे वळणं सुरू होतं."

शेडच्या सावलीत इसोकिची हळूच वळले होते.

"सोया सॉस," ते स्वतःशीच म्हणाले. "हो. मागे माती. हो, बरोबर. तोच."

"काय बरोबर?" काकूंनी संशयाने विचारलं. "तुला नाही का येत?"

चिझुरुने सासऱ्यांकडे पाहिलं. ते जरा घुटमळले. मग कुंपणापाशी आले आणि सांगून टाकलं. जानेवारीचा ताप, टोफू, व्हिनेगर, सगळं. चिझुरुला वाटलं, आता काकू हसणार, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळणार.

काकू हसल्या नाहीत. "जेवण गोड लागतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"खारट, गोड, तिखट कळतं. बाकी नाही."

"संत्रं?"

"गोड पाणी."

"अरेरे," काकू म्हणाल्या. मग दोरीवरच्या कपड्यांकडे बघत, "माझ्या चादरींची किंमत मात्र वसूल करीन."

त्या दिवसापासून काकू रोज सकाळी कुंपणाशी यायच्या, नाक वर करून दोन श्वास घ्यायच्या आणि निकाल सांगायच्या. चिझुरु त्याच वेळी पिंपात नाक घालून आपला अंदाज करायची. आधी दोघींचं जुळायचं नाही. काकूंना दुरून जे कळायचं ते चिझुरुला जवळून, उग्र वासात, ओळखता यायचं नाही. मग चिझुरुनेही दारापाशी उभं राहून वास घ्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू तिला एकाच्या खालचा दुसरा वास सुटा करता येऊ लागला. कुत्र्याच्या वासाच्या तळाशी पावाचा शिल्लक असायचा. उन्हात पिंप तापलं की क्रम पुढे सरकायचा, पाऊस पडला की अडकायचा. तिला हे इतकं नवल वाटायला लागलं की ती येताजाता शेडमध्ये डोकावू लागली. इसोकिची विचारायचे, ती सांगायची, आणि ते ऐकताना त्यांचं नाक नकळत हलायचं.

जून उजाडला आणि मेणबत्त्या कापायचे दिवस आले. गावात सगळ्या बागांमधून कात्र्यांचे आवाज सुरू झाले. खत अजून संडासाच्या टप्प्यावर होतं.

एका सकाळी चिझुरुने पाहिलं तर इसोकिची कात्री घेऊन सोगो डॉक्टरांच्या झाडासमोर बसलेले.

"बाबा, कापणार तुम्ही?"

"नोव्हेंबरात मांडायचंय. आत्ता नाही कापलं तर सुया वितभर होतील."

"तुम्हीच म्हणालात, अंगात ताकद नाही."

"जुनं झाड आहे. जुन्या झाडात साठा असतो. कदाचित सोसेल."

"कदाचित?"

"तुझं नाक मी ऐकतोच आहे, आता तुझी जीभही ऐकायची का?" ते ताडकन बोलले. मग कात्री मांडीवर ठेवली.

चिझुरु जागची हलली नाही. मग म्हणाली, "मागच्या ओळीतली छोटी झाडं आहेत ना, आपण विकायला ठेवलेली. त्यातली काही कापून बघू या? काहींना हात नको लावायला. काय होतं ते आपल्यालाही कळेल. मला तरी बघायचंय."

"आणि हे?"

"ह्याची परीक्षा कशाला घ्यायची? आपलं नाही ते."

इसोकिचींनी झाडाच्या एका मेणबत्तीला बोट लावलं. ती खालपासून टोकापर्यंत चाचपली. मग कात्री तिच्या हातात देऊन उठले. "चल, मागे चल. आणि डॉक्टरांना फोन मी करीन. तू नाही."

फोनवर ते फार वेळ बोलले नाहीत. व्हिनेगर त्यांनी सांगितलं, नाकाबद्दलही सांगितलं. आतल्या खोलीतून चिझुरुला एवढंच ऐकू आलं: "नाही हो, दोष दुकानाचा नाही. बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही."

जूनच्या शेवटी एका सकाळी चिझुरु शेडच्या दारात थबकली. रात्री पाऊस झाला होता. पिंपांमधून जो वास येत होता तो उग्र होता, पण त्यात कुठेही टोचणारं टोक नव्हतं. सोया सॉसचं जुनं लाकडी पिंप, आणि मागे ओली माती. ती हाक मारणार तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "चिझु! चादरी काढू का गं?"

"काढा काकू!" तिने ओरडून सांगितलं. "झालं!"

दोन दिवस तिघांनी मिळून गोळे वळले. काकू तोंडाला फडकं बांधून आल्या होत्या आणि सारखं सांगत होत्या की आपण फक्त उन्हात बसायला आलोय.

मागच्या ओळीतल्या झाडांचा निकाल ऑगस्टमध्ये लागला. कापलेल्यांपैकी बहुतेकांना टाचणीच्या टोकाएवढे कोंब आले, तेही मोजके. एकाची खालची फांदी तर तांबूस होऊन वाळली. न कापलेली झाडं हिरवीगार आणि बेंगरूळ दिसत होती. इसोकिचींनी वाळलेली फांदी हातात धरून पाहिली आणि पुढे गेले. त्या संध्याकाळी त्यांनी चिझुरुला गोळ्यांची टोपली दिली आणि कुठल्या कुंडीला किती ठेवायचे ते न सांगता घरात निघून गेले.

भर उन्हाळ्यात खत घालत नाहीत, म्हणून ऊन उतरल्यावर सप्टेंबरात तिने गोळे ठेवले. वाळक्या फांदीच्या झाडाला तिला सगळ्यांत जास्त घालावंसं वाटत होतं. पण आजाऱ्याला कुणी जेवायचा आग्रह करत नाही, हे ती याच घरात शिकली होती. त्याला तिने काहीच घातलं नाही. बाकीचे गोळे पहिल्याच पावसात मऊ पडले, अंगावर पांढरी लव आली, आणि पाणी घातलं की कुंडीतून काळा रस झिरपायला लागला.

सोगो डॉक्टर ऑक्टोबरमध्ये आले. त्यांचं झाड तेव्हा दाढी वाढवलेल्या माणसासारखं दिसत होतं, लांब लांब सुया चारी बाजूंना. इसोकिची ओशाळून बाजूला उभे राहिले. डॉक्टर झाडाभोवती फिरले, पुन्हा फिरले.

"हे झाड मी लहानपणापासून बघतोय," ते म्हणाले, "पण असं कधीच बघितलं नव्हतं. आजोबांनी कधी वाढूच दिलं नाही. ह्याला मोकळं सोडलं की हे असं दिसतं होय?" त्यांनी एक सुई बोटात धरून तिची लांबी पाहिली. "ह्या वर्षी घरी नेऊ का थोडे दिवस? माझ्या आईला दाखवतो."

प्रदर्शन त्या झाडाशिवाय पार पडलं. झाड आठवडाभर डॉक्टरांच्या ओसरीवर राहून परत आलं, आणि पुढच्या जूनमध्ये ते कापण्याइतकं तगडं असेल याबद्दल आता बागेत कुणाला शंका नव्हती. वाळक्या फांदीच्या झाडाने मात्र हिवाळाभर काहीच दाखवलं नाही. चिझुरु रोज त्याच्यापुढे वाकायची, कळ्या चाचपायची. जिवंत आहे, एवढंच कळायचं.

फेब्रुवारीत अंगणातल्या कुंड्यांमधली प्लमची झाडं फुलली. एका सकाळी चिझुरु शेडमध्ये नव्या पिंपाची पेंड चाळत होती, तेवढ्यात अंगणातून इसोकिचींची हाक आली. आवाज इतका वेगळा होता की ती चाळणी टाकून धावली.

ते पांढऱ्या प्लमच्या कुंडीपाशी उभे होते, तोंड वेडंवाकडं करून.

"इथे काहीतरी जळतंय," ते म्हणाले. "टायर जळाल्यासारखं."

चिझुरुने हवेत नाक फिरवलं. काही जळत नव्हतं. थंडीत प्लमचा गोड, पातळ वास तेवढा पसरला होता.

"कुठून येतोय?"

"इथून." त्यांनी फुलाकडे बोट दाखवलं. वाकून पुन्हा हुंगलं आणि झटक्याने मागे झाले. "शी! कसला घाण! ह्या फुलाला हा वास नव्हता गं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा," चिझुरु हळूच म्हणाली, "वास आला."

"टायरचा!"

"टायरचा का होईना!"

त्यांनी पुन्हा फुलात नाक खुपसलं, पुन्हा तोंड वाकडं केलं. मग बाजूच्या लाल प्लमकडे गेले. "इथे नाही. काहीच नाही." परत पांढऱ्याकडे आले. "इथे आहे." मग कुंपणाकडे तोंड करून ओरडले, "तोयोको! ए तोयोको! एक संत्रं आण जरा, सोललेलं!"

पलीकडून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं. इसोकिचींना उत्तर द्यायला वेळ नव्हता. ते पुन्हा वाकले होते, आणि नाक आक्रसून, डोळे घट्ट मिटून, त्या पांढऱ्या फुलाचा आणखी एक खोल श्वास घेत होते.